राजा, गोल्फ आणि जुलाबाचं पाणी

गोल्फची सुट्टी म्हटलं की लोकांच्या डोक्यात ठरलेली तीन-चार नावं येतात. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, पोर्तुगालचा आल्गार्व्ह किनारा, स्पेनचा दक्षिण किनारा, आणि बजेट आटोक्यात हवं असेल तर थायलंड. आपल्या आयटीवाल्यांमध्येही हल्ली हे खूळ बऱ्यापैकी पसरलंय. आधी मॅनेजर खेळायचे, मग आर्किटेक्ट खेळायला लागले, आता टीम लीडसुद्धा रविवारी सकाळी ड्रायव्हिंग रेंजवर चेंडू बडवताना दिसतात. ऑनसाइटला युरोपात गेलेल्यांपैकी एखादा तरी असतोच, ज्याला गर्दीपासून लांब, थोडी अनोळखी आणि खिशाला परवडणारी जागा हवी असते.

अशांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: झेक प्रजासत्ताकातलं मारियान्स्के लाझ्ने. जुनं जर्मन नाव मारिएनबाड. पश्चिम बोहेमियात, जर्मनीच्या सीमेजवळ, जंगलांनी वेढलेलं तेरा-चौदा हजार वस्तीचं गाव. तिथल्या गोल्फ मैदानाला आता शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. तिकीट, हॉटेल, टी-टाइम ही माहिती कुठेही मिळते, त्यामुळे तिची जंत्री इथे देत नाही (शेवटी थोडीशी देतो, नाहीतर शिव्या पडतील). मला सांगायचंय ते त्या गवताखाली काय काय आहे याबद्दल. कारण एखाद्या जागेचा इतिहास ठाऊक नसताना तिथे जाणं आणि ठाऊक असताना जाणं, या माझ्या मते दोन वेगळ्या सहली आहेत.

आधी कोलकाता, मग मुंबई, मग युरोप

सुरुवात एका गमतीशीर गोष्टीने करू. गोल्फ स्कॉटलंडचा खेळ, हे सगळ्यांना माहीत असतं. मग तिथून तो आधी शेजारच्या फ्रान्स-जर्मनीत गेला असेल आणि नंतर जगभर, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटं झालं. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वात जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ सालचा. त्यानंतर १८४२ साली मुंबईत क्लब निघाला, पुढे तो रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब म्हणून ओळखला गेला. आणि युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला क्लब? फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी, पो नावाच्या गावात, १८५६ साली! म्हणजे मुंबईत गोल्फ सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी.

याचं कारण सोपं आहे. हा खेळ नकाशावरच्या अंतराप्रमाणे पसरत नव्हता. मोकळा वेळ असलेले ब्रिटिश लोक जिथे मुक्काम ठोकून होते, तिथे तो जात होता. कोलकाता आणि मुंबईत कंपनी सरकारचे अधिकारी आणि व्यापारी होते, त्यांत स्कॉटिश लोकांचा भरणा मोठा. फ्रान्समध्ये आधी असं कोणी नव्हतं. पो गावची हवा हिवाळ्यात मवाळ असते म्हणून ब्रिटिश श्रीमंत तिथे जाऊन राहायला लागले, आणि त्यांच्यामागून खेळ गेला. पुढे जर्मनीत बाड होम्बुर्गला १८८९ साली गोल्फ आला, तोही असाच पाहुण्यांच्या सामानातून.

थोडक्यात, युरोपातलं गोल्फ हे जन्मापासूनच 'हॉलिडे गोल्फ' आहे. स्थानिक लोकांनी शेताच्या कडेला खेळता खेळता तो वाढवला, असं तिथे झालं नाही. हॉटेलवाले, डॉक्टर आणि नगरपालिका यांनी पाहुण्यांना धरून ठेवण्यासाठी तो आणला. आपल्या भाषेत सांगायचं तर कस्टमर रिटेन्शनसाठी टाकलेलं फीचर.

दलदलीतलं गाव

मारिएनबाड हे फार प्राचीन वगैरे गाव नाही. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिथे दलदल, घनदाट जंगल आणि त्यातून बुडबुडे काढत वर येणारे खनिज पाण्याचे झरे होते. जमीन जवळच्या टेपला मठाची. त्या मठाचा डॉक्टर योसेफ नेर याने या पाण्याचे रोग्यांवर प्रयोग सुरू केले, आणि मठाधिपती कार्ल राइटेनबर्गर याने गाव उभारायचा ध्यास घेतला. १८१८ साली त्याला अधिकृतपणे सार्वजनिक आरोग्यस्थानाचा दर्जा मिळाला. दलदल उपसून बागा केल्या, इमारती उठल्या. गंमत म्हणजे या उभारणीवर मठाचा पैसा उधळला या नाराजीपायी राइटेनबर्गरला पुढे पद सोडावं लागलं. प्रोजेक्ट यशस्वी आणि प्रोजेक्ट मॅनेजर घरी, ही परंपरा बरीच जुनी दिसते :)

पाण्याबद्दल एक खुलासा. शेजारच्या कार्लोव्ही व्हारीचे झरे गरम, तिथला सर्वात प्रसिद्ध झरा तर सत्तर अंशांच्या वर तापमानाचा. मारिएनबाडचे झरे मात्र थंड. आणि त्यातला नावाजलेला जो 'क्रॉसचा झरा' (झेकमध्ये क्रिझोव्ही), त्याच्या पाण्यात सोडियम सल्फेट, म्हणजे ग्लाउबरचं मीठ असतं. ते काय करतं? स्पष्ट सांगायचं तर पोट साफ करतं. वर्षभर चापून खाल्लेले युरोपातले सरदार, सावकार आणि मंत्री उन्हाळ्यात इथे यायचे, पहाटे उठून हातात पेला घेऊन एकेक घोट पीत रांगेने चालायचे, मोजकं जेवायचे, आणि चार आठवड्यांत काही किलो उतरवून परत जायचे. परत जाऊन पुन्हा चापायला मोकळे.

या घोट घोट चालण्यासाठीच १८८९ साली बिडाच्या खांबांची ती सुंदर, लांबलचक कमानदार वीथी बांधली गेली. आजही गावाच्या प्रत्येक फोटोत ती असते. १८७२ साली रेल्वे आली आणि गर्दी वाढतच गेली. त्याआधीही मोठी माणसं येऊन गेलीच होती. गटे १८२१ पासून ओळीने तीन उन्हाळे आला. १८२३ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तो एकोणीस वर्षांच्या उलरिकेच्या प्रेमात पडला, लग्नाची मागणी घातली, नकार मिळाला. परतीच्या प्रवासात त्याने जी दीर्घ कविता लिहिली ती 'मारिएनबाडची विलापिका' म्हणून जर्मन साहित्यात अमर झाली. १८३६ साली शोपँ येऊन गेला, १८९१ मध्ये मार्क ट्वेन.

आता इथे एक अडचण होती. रोगी पहाटे पाणी पिणार, नाश्ता करणार, अंघोळी-लेप वगैरे घेणार. मग दुपारी काय? चालायला तर पाहिजे, कारण डॉक्टरांचा सगळा भर चालण्यावर. पण नुसतं चालून माणूस कंटाळतो. अशा वेळी चार-पाच तास मोकळ्या हवेत चालायला लावणारा, वयस्क माणसालाही झेपणारा, घामाघूम न होता खेळता येणारा खेळ कोणता? उत्तर समोरच होतं. कार्ल्सबाडने १९०४ साली गोल्फ सुरू केलं, आणि मारिएनबाडने लगेच पुढच्या वर्षी.

काळा घोडावाला राजा

मारिएनबाडचं गोल्फ मैदान २१ ऑगस्ट १९०५ रोजी उघडलं गेलं, ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या उपस्थितीत.

आता हा एडवर्ड आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, फक्त आपण त्याला नावाने ओळखत नाही. १८७५ च्या नोव्हेंबरात तो युवराज म्हणून मुंबईत उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावरचा पुतळा शहराला भेट दिला. तोच 'काळा घोडा'. १९६५ साली पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, पण नाव त्या चौकाला चिकटलं ते चिकटलंच. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. मुंबईचं केईएम आणि पुण्याचं केईएम, या दोन्ही रुग्णालयांच्या नावातला 'किंग एडवर्ड' हाच. आणखी एक योगायोग: काळा घोडा घडवणारा शिल्पकार बोएम हा जन्माने व्हिएन्नाचा, म्हणजे मारिएनबाड ज्या साम्राज्यात होतं त्याच्याच राजधानीतला.

एडवर्ड एकूण नऊ वेळा मारिएनबाडला आला. आधी दोनदा युवराज म्हणून, आणि मग १९०३ ते १९०९ दर उन्हाळ्यात न चुकता. मुक्काम हॉटेल वायमारमध्ये. नाव धारण केलेलं 'लँकेस्टरचा ड्यूक', म्हणजे कागदोपत्री राजा आलेलाच नाही! अर्थात सगळ्या गावाला माहीत असायचं, आणि त्याला बघायला गर्दी लोटायची. त्याच्या पोटाचा घेर आणि जेवणावरची भक्ती दोन्ही जगप्रसिद्ध होती, त्यामुळे क्रॉसच्या झऱ्याची त्याला खरोखरच गरज होती. गोल्फपटू म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही. पण तो खेळतो म्हटल्यावर खेळ चालला, हे महत्त्वाचं. त्या काळचा सर्वात मोठा ब्रँड ॲम्बॅसेडर तो, आणि फुकटात.

पण एडवर्डची सुट्टी म्हणजे नुसता आराम नव्हता. १९०४ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाचा वृद्ध सम्राट फ्रान्झ योसेफ त्याला भेटायला मारिएनबाडला आला. ब्रिटिश उदारमतवादी नेता कॅम्पबेल-बॅनरमन बायकोच्या प्रकृतीसाठी वर्षानुवर्षं तिथे यायचा. राजाला आधी हा माणूस फारसा पसंत नव्हता, पण १९०५ च्या उन्हाळ्यात मारिएनबाडमध्ये वारंवार गाठीभेटी झाल्या आणि दोघांचं जमलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅम्पबेल-बॅनरमन पंतप्रधान झाला. पुढच्याच ऑगस्टमध्ये, १९०६ साली, त्याची पत्नी शार्लट मारिएनबाडमध्येच वारली.

म्हणजे ज्या आठवड्यांत हे गोल्फ मैदान उघडलं, त्याच आठवड्यांत त्या गावात ब्रिटनचा राजा आणि होऊ घातलेला पंतप्रधान एकमेकांना जोखत होते. आणि लक्षात घ्या, हे लोक ज्या साम्राज्याचं राजकारण करत होते त्यात आपणही होतो. १९०५ म्हणजे बंगालच्या फाळणीचं वर्ष. इकडे लोक विलायती कपड्यांच्या होळ्या पेटवत होते, आणि तिकडे हिंदुस्थानचा सम्राट बोहेमियाच्या जंगलात गोल्फ मैदानाच्या उद्घाटनाला उभा होता. मला या दोन चित्रांचा एकत्र विचार केल्याशिवाय ते वर्ष समजत नाही.

एडवर्ड १९१० मध्ये गेला. चार वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं आणि ऑगस्टमध्ये एका कारंज्याभोवती फिरणारे लोक एकमेकांचे शत्रू झाले. ही सगळी मैत्री, सगळी शिष्टाई, एकत्र चाललेले सगळे मैल युद्ध थांबवू शकले नाहीत. 'वैयक्तिक संबंधांनी राजकारण सुधारतं' असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मला मारिएनबाड आठवतं.

गावाचे मालक बदलतात

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी मोडलं आणि मारिएनबाड नव्या चेकोस्लोव्हाकियात आलं. गावातले बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे, देश चेक आणि स्लोव्हाक लोकांचा, आणि पाहुणे जगभरचे. त्यांत ज्यूंची संख्या फार मोठी. मारिएनबाड हे युरोपातल्या ज्यू लोकांचं लाडकं गाव होतं, इतकं की यिडिश लेखक शोलेम अलेखेम याने १९११ मध्ये 'मारिएनबाड' नावाची पत्ररूप विनोदी कादंबरीच लिहिली. १९३७ साली सनातनी ज्यूंच्या अगुदत इस्राएल या संघटनेचं मोठं अधिवेशन इथेच भरलं.

पण तोवर हवा बदलली होती. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर तत्त्वज्ञ थिओडोर लेसिंग पळून मारिएनबाडला आला होता. ३० ऑगस्ट १९३३ च्या रात्री नाझी मारेकऱ्यांनी त्याच्या अभ्यासिकेच्या खिडकीतून गोळ्या झाडल्या, आणि ते सीमा ओलांडून जर्मनीत पसार झाले. दुसऱ्या दिवशी लेसिंग वारला. सीमा किती जवळ आहे हे गावाला त्या रात्री कळलं असणार.

१९३८ च्या सप्टेंबर अखेरीस म्युनिक करार झाला. ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा जर्मनबहुल सीमाभाग हिटलरला देऊन टाकला, आणि ज्या देशाचा भाग दिला त्याला बैठकीला बोलावलंसुद्धा नाही. मारिएनबाड त्या भागात होतं. नोव्हेंबरमध्ये, काचांच्या रात्री, गावातलं सिनेगॉग जाळलं गेलं. पळू शकले ते ज्यू पळाले. जे अडकले त्यांच्यापैकी बहुतेकांचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

१९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन सैन्य आलं. आणि मग उलटी लाट आली. १९४५-४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषिकांना हाकलण्यात आलं. माणशी तीस ते पन्नास किलो सामान, बाकी घर, दुकान, शेत, सगळं जप्त. त्यांत नाझींच्या मिरवणुकीत नाचलेले होते, तसे काही न केलेलेही होते, आणि लहान मुलं तर होतीच. मारिएनबाडमधले वेटर, डॉक्टर, पेन्शन चालवणाऱ्या बायका, मैदानाचं गवत कापणारे, जवळजवळ सगळं गाव रिकामं झालं आणि तिथे नवे लोक आणून वसवले गेले. गाव तेच, कारंजी तीच, झऱ्याचं पाणी तेच, माणसं वेगळी. १९४७ ची फाळणी ज्यांच्या घरात बोलली जाते, त्यांना हे चित्र वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

या जखमेवर दोन्ही देशांनी उघडपणे बोलायला पन्नास वर्षं लागली. १९९७ च्या जानेवारीत जर्मनी आणि झेक प्रजासत्ताकाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. जर्मनीने नाझी अत्याचारांची जबाबदारी मान्य केली, आणि झेक बाजूने हकालपट्टीत निरपराधांवर झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला.

कामगारांच्या राज्यात गोल्फ

१९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट सत्तेवर आले. आता विचार करा, या नव्या व्यवस्थेत गोल्फचं काय होणार? राजाने उद्घाटन केलेलं मैदान, नावाला चिकटलेले सरदार आणि सावकार. भांडवलदारांचा खेळ म्हणून याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आणि खरोखरच अनेक ठिकाणी गोल्फ संपलं. प्रागजवळ क्लानोव्हित्से इथे १९३८ साली एक छान मैदान उघडलं होतं. ते बंद पडलं आणि तिथे जंगल उभं राहिलं. (त्याचा पुढचा भाग रोचक आहे. कम्युनिस्ट गेल्यावर तिथे पुन्हा गोल्फ मैदान करायचं घाटत होतं, तेव्हा स्थानिक लोकांनीच विरोध केला. आता आमचं जंगल आहे, गोल्फ नको, म्हणून. इतिहास कधीकधी असा उलट्या कोलांट्या मारतो.) मॉस्कोला पहिलं गोल्फ मैदान मिळायला तर १९८० चं दशक संपत यावं लागलं.

मारियान्स्के लाझ्ने मात्र वाचलं. एव्हाना गावाचं जर्मन नाव अर्थातच गेलं होतं. एडवर्डचं हॉटेल वायमार आता 'कावकाज', म्हणजे कॉकेशस, झालं होतं आणि हळूहळू पडझडीला लागलं होतं. बिडाच्या वीथीला मॅक्सिम गॉर्कीचं नाव मिळालं. आरोग्यधामांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि कामगार संघटनांच्या चिठ्ठीवर खाणीतले आणि कारखान्यांतले लोक तिथे उपचाराला येऊ लागले. ही गोष्ट मला मनापासून आवडते. जे पाणी आधी फक्त राजेरजवाड्यांच्या पोटात जायचं, ते कोळशाच्या खाणीत छाती खराब झालेल्या माणसापर्यंत पोचलं. त्या राजवटीने असंख्य माणसांना तुरुंगात टाकलं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगता आल्या पाहिजेत.

पण गोल्फ का टिकलं? माझा तर्क असा. पहिलं म्हणजे आरोग्यस्थान टिकलं. पाहुणे येत राहिले, त्यांना चालायला जागा हवीच होती, आणि 'चालणं म्हणजे उपचार' या पाटीमागे गोल्फला लपता आलं. दुसरं म्हणजे हे मैदान गावाच्या वर, जंगलाला लागून. राजधानीच्या कडेच्या जमिनीवर दहा जणांचा डोळा असतो, इथल्या जमिनीवर नव्हता. आणि तिसरं, सर्वात महत्त्वाचं, म्हणजे चिकाटीने खेळत राहणारे मूठभर लोक. नवे चेंडू, नवे क्लब दुकानात मिळत नसताना, वरून शाबासकी तर सोडाच पण संशयच वाट्याला येत असताना, कोणीतरी ते गवत कापत राहिलं. मैदान म्हणजे काही दगडी किल्ला नव्हे, दोन-तीन उन्हाळे सोडून दिलं की त्याचं कुरण होतं. ज्यांनी हे काम केलं, त्यांचे पुतळे कुठे नाहीत. राजाने मैदान उघडलं एका दिवसात, या लोकांनी ते चाळीस वर्षं उघडं ठेवलं.

१९८९ च्या नोव्हेंबरात राजवट कोसळली. १९९० च्या दशकात युरोपियन टूरची झेक ओपन स्पर्धा इथे आली, १९९४ साली ती स्वीडनच्या पेर-उलरिक योहान्सनने जिंकली. २००३ मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ, म्हणजे एडवर्डची पणती, हिने क्लबला 'रॉयल' हे बिरूद वापरायची परवानगी दिली. आज देशात शंभरच्या आसपास गोल्फ मैदानं आहेत. आणि २०२१ साली युनेस्कोने युरोपातल्या अकरा आरोग्यनगरांना एकत्रितपणे जागतिक वारसा जाहीर केलं, त्यात मारियान्स्के लाझ्ने, कार्लोव्ही व्हारी आणि फ्रान्तिश्कोव्ही लाझ्ने ही तिन्ही शेजारी गावं आहेत.

आता थोडं कामाचं

एवढं वाचलंत, तर प्लॅनिंगचे चार मुद्दे देतो.

१. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. गाव सहाशे मीटर उंचीच्या आसपास आहे आणि मैदान त्याहून वर, त्यामुळे मे महिन्यातही सकाळी गारठा असतो. स्वेटर न्या.

२. प्रागहून प्लझेन्यमार्गे थेट रेल्वे आहे, अडीच-तीन तास धरा. भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो (झेक प्रजासत्ताक २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे). चलन मात्र युरो नाही, कोरुना.

३. हँडिकॅपचा पुरावा जवळ ठेवा. युरोपात बऱ्याच मैदानांवर तो विचारतात. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाल्यापासून आपल्या क्लबचा हँडिकॅप दाखवणं सोपं झालंय. अगदी नवखे असाल तर आधी क्लबला लिहून विचारा.

४. एकाच मैदानासाठी एवढ्या लांब जाऊ नका. मारियान्स्के लाझ्ने आणि कार्लोव्ही व्हारी अशी जोडी करा. दोन्ही मिळून पाच-सहा दिवस पुरतात. एक अख्खा दिवस गोल्फशिवाय ठेवा. टेपलाचा मठ बघा, झऱ्यांवर जाऊन पाणी प्या (क्रॉसच्या झऱ्याचं पाणी टी-टाइमच्या आधी पिऊ नका, कारण वर सांगितलंय :) ), आणि तिथली पातळ गोड वेफर खा, तिला ओप्लात्की म्हणतात.

सिनेमावाल्यांसाठी एक सूचना. आलँ रेनेचा १९६१ चा 'लास्ट इयर ॲट मारिएनबाड' बघून त्यातले महाल शोधत फिरू नका, त्याचं चित्रीकरण बव्हेरियातल्या राजवाड्यांत झालंय.

गवत कोणाचं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढं सगळं माहीत झाल्यावर तिथे जाऊन निवांत खेळता येतं का? ज्या गावातून आधी ज्यू गेले, मग जर्मन गेले, तिथे जाऊन आपण पार आणि बोगी मोजायचे?

माझं मत असं की येतं, आणि खेळावंही. पण खेळाची जागा निरागस असते हा समज सोडून द्यावा. आपल्याकडेही हेच आहे. मुंबईतल्या जुन्या युरोपियन क्लबांत हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गव्हर्नर विलिंग्डन यांनी हिंदी आणि युरोपियन अशा दोघांसाठी विलिंग्डन क्लब काढला, तेव्हा ती मोठी गोष्ट मानली गेली. आज त्या क्लबात कोण जाऊ शकतं आणि बाहेरच्या फुटपाथवरून कोण नुसतं बघतं, हा प्रश्न वर्णाचा उरला नाही, पैशाचा झाला. प्रश्न संपला मात्र नाही. मोठं हिरवं मैदान जिथे असेल तिथे 'आत कोण' हा प्रश्न असतोच.

मारियान्स्के लाझ्नेच्या मैदानाने या प्रश्नाची शंभर वर्षांत चार-पाच वेगवेगळी उत्तरं पाहिली. राजे आले आणि गेले, कॉमरेड आले आणि गेले. मधल्या काळात ज्यांना घालवून दिलं त्यांची नातवंडं आता सीमेपलीकडून गाडीने येतात, ग्रीन फी भरतात, खेळतात, संध्याकाळी झेक बिअर पितात आणि परत जातात. येताना कोणी पासपोर्टसुद्धा विचारत नाही. १९३८ किंवा १९४६ साली तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. सीमा इतकी पुसट होऊ शकते, हे बघायला तरी एकदा जावं.

तर मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात लांबचा विकांत जोडून चार दिवस मोकळे होत असतील तर आल्गार्व्हच्या आधी बोहेमियाचा विचार करा. पहिल्या टीवर उभे राहिलात की राजाची आठवण काढा हवी तर. पण त्याहून आधी त्या अनाम माळ्याची काढा, ज्याने कोणाचंच राज्य असताना गवत वाढू दिलं नाही.